भाडेकरार: दोघांचाही आधार
श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावच्या बेलापूर साखर कंपनीकडे खंडाने गेलेल्या जमिनींसाठी खंडकरी शेतकऱ्यांनी, म्हणजे त्यांच्या मूळ मालकांनी, अनेक दशकं लढा दिला. मालमत्ता एकदा दुसऱ्याच्या ताब्यात गेली की हक्काचा प्रश्न किती लांबतो, हे श्रीरामपूरला वेगळं सांगायला नको. तरीही खोली किंवा गाळा देताना ‘विश्वास आहे, मग कागद कशाला?’ असं म्हटलं जातं. पण विश्वास असला तरी आठवणी जुळतातच असं नाही: अनामत किती ठरली होती, दुरुस्ती कोणी करायची? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. म्हणजे नोंदणीचा खर्च वाचवणारा मालक स्वतःचीच बाजू लंगडी करतो. आणि भाडेकरूंनो, भाड्याची पावती न चुकता मागून घ्या. ती देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.