हार नको, बिदागी द्या

(वस्तीतल्या तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी काही पंडित नाही. मॅट्रिक झालो, गोदीत ठेक्यावर ओझी उचलतो, रात्री कविता करतो. त्यामुळं सरळ बोलतो.

वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. शाळा वाट्याला आली नाही. मुंबईत गिरणीत राबले, कोळशाच्या वखारीत काळे झाले. बाप्या माणूस झाल्यावर अक्षर गिरवलं. १९४३ साली पहिलं गाणं केलं, आणि १५ मे २००४ ला डोळे मिटले तोवर हजारो गाणी झाली होती. सिनेमासाठीही त्यांनी लिहिलं. म्हणजे ती वाट ठाऊक नव्हती असं नाही. पण दादा चालत राहिले खेड्यापाड्यांतल्या आपल्या वस्त्यांकडं. बाबासाहेब गाण्यातून घराघरात पोचवायला.

आपण दर चौदा एप्रिलला हे सांगतो, टाळ्या वाजवतो. म्हणतो, दादांनी गरिबी पत्करली. अरे, त्यांनी गाणं पत्करलं! गरिबी त्यांना आपण दिली.

आजही बघा. जयंतीला मंडपवाल्याला आगाऊ उचल. डीजेवाल्याला रोख. आणि गाणाऱ्याला? हार, नारळ, आणि वर 'समाजाचं काम आहे, भाऊ.'

मध्यंतरी एका पुढाऱ्याचा माणूस माझ्याकडं आला. साहेबांच्या वाढदिवसाला गाणं लिही, पाच हजार देतो. मी नाही म्हटलं. छाती फुगवून घरी गेलो. आय भाकर थापत होती. म्हणाली, "बरं केलंस बाबा. पण वाण्याची उधारी कोण फेडणार? मीच ना?"

त्या रात्री झोप लागली नाही. उद्या तो माणूस परत आला तरी मी नाहीच म्हणेन. पण शाहीर ताठ उभा राहतो तेव्हा त्याच्या घरात कुणाची तरी पाठ वाकते. बहुतेक वेळा बाईची. तिचं नाव कुठल्या पोस्टरवर नसतं.

म्हणून मी आज ठराव मांडतो. गाणारा स्टेजवर चढायच्या आधी त्याची बिदागी त्याच्या हातात. आधी ती, मग मंडप. पैसे कमी पडले तर डीजे बंद. विकला न जाणारा शाहीर आपल्याला पाहिजे ना? मग त्याची चूल आपण पेटती ठेवू. नाहीतर उद्या तो पुढाऱ्याच्या दारात दिसला तर त्याच्यावर थुंकू नका. तिथवर त्याला आपणच धाडलेलं असेल.

मान्य असेल त्यांनी हात वर करा.

जय भीम.