एसटीच्या खिडकीतून नंदुरबार

सुट्टीत मुलाबाळांसह नंदुरबार जिल्हा पाहायला स्वतःची गाडी लागत नाही. सुरत-भुसावळ मार्गावरच्या रेल्वेने नंदुरबारला उतरा आणि एसटीने शहाद्याला मुक्कामी जा. वाटेत प्रकाशा लागतं. तापी-गोमाईच्या संगमावरचं हे गाव म्हणजे दक्षिण काशी. केदारेश्वराच्या दर्शनाला आणि घाटावर निवांत बसायला एक सकाळ ठेवा.

तोरणमाळला मात्र अख्खा दिवस द्या. सातपुड्यातला वळणांचा घाट चढून गाडी हजार मीटरहून उंच पठारावर येते. यशवंत तलाव आणि सीताखाई पायी पाहता येतात, आणि पायीच पाहावीत. वर जाणाऱ्या गाड्या मोजक्याच, म्हणून परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ शहादा स्थानकातच आदल्या दिवशी विचारून ठेवा. मुलं बरोबर असताना हे टाळू नका.

दत्तजयंतीच्या सुमारास आलात, तर सारंगखेड्याचा घोडेबाजार चुकवू नका.

खर्चाचं म्हणाल, तर राज्याच्या हद्दीत एसटीत महिलांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही अर्धंच. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजी-आजोबांना प्रवास मोफत. त्यांचं ओळखपत्र जवळ असू द्या. फिरणं जास्त असेल, तर ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आगारात मिळतो.

परतताना नंदुरबारमध्ये बालहुतात्मा शिरीषकुमारचं स्मारक मुलांना जरूर दाखवा. 1942च्या आंदोलनात तिरंगा हाती घेऊन गोळी झेलणारा तो मुलगा शाळकरी वयाचाच होता.