प्रथिनांची राखण

नाशिक जिल्ह्यात आरम नदीच्या काठी वसलेले सटाणे हे बागलाण तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. या मुलखात बाजरी हे पावसाळ्यातील जुने पीक. कणसात दाणा भरू लागला, की माळ्यावर चढून गोफणीने पाखरे हाकावी लागतात; एरवी हाती रिकामी कणसेच यावयाची. प्रयोगशाळेत याच बाजरीतून प्रथिन वेगळे काढू पाहणाऱ्या संशोधकासही राखण करावी लागते. भेद इतकाच, की तेथील चोर बाहेरून येत नाही. तो घरातच असतो.

सजीव पेशीत प्रथिने घडविण्याचे कार्य चालते, तद्वत् ती मोडण्याचेही चालते. मोडणाऱ्या विकरांस प्रोटिएज म्हणतात. कच्च्या पपईच्या चिकाने मांस मऊ पडते, तो प्रभाव पपेन नामक प्रोटिएजचाच होय. पेशी अखंड असते तोवर अशी बहुतेक विकरे आपापल्या कप्प्यांत कोंडलेली असतात. परंतु दाणा वा पान खलात वाटले, की कप्पे फुटतात आणि हव्या असलेल्या प्रथिनाचेच तुकडे पडू लागतात.

यास्तव सर्व साहित्य आधी बर्फात थंड करतात आणि द्रावणात प्रोटिएज-रोधक मिसळतात. एकच रोधक सर्व चोरांस पुरत नाही. सेरीन गटास पीएमएसएफ, सिस्टीन गटास ई-६४, अस्पार्टिक गटास पेप्स्टॅटिन आणि धातूच्या आधाराने चालणाऱ्यांस ईडीटीए, अशी वाटणी असते. त्यांतही पीएमएसएफ विषारी असून पाण्यात अल्पायुषी आहे. सामू ८ असलेल्या द्रावणात, २५ अंश उष्णतेस, सुमारे ३५ मिनिटांत ते निम्मे निकामी होते. म्हणून ते अल्कोहोलात विरघळवून ठेवतात आणि ऐन वेळी घालतात.

हयगय झाल्यास एका ठळक पट्ट्याच्या जागी अनेक फिकट पट्टे दिसतात. त्याहून मोठा धोका असा, की तुटक्या तुकड्यास नवे प्रथिन समजले जाते. मग पुढील सारी मेहनत चुकीच्या वाटेने जाते, आणि ताजे कणीस पाहिजे असल्यास पुढल्या पावसाळ्याची वाट पाहावी लागते.

रोधक ही केवळ मानवाची युक्ती नव्हे. १९४५ साली मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधकाचे स्फटिक मिळविले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी १९९८ साली बाजरीतील एका रोधक प्रथिनाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते सिस्टीन गटाच्या प्रोटिएजांस आवरते, आणि बुरशीची वाढही रोखते.

मात्र असे नैसर्गिक रोधकच शोधावयाचे असता मोठी सावधगिरी हवी. तेथे ई-६४ बाहेरून घातले व ते पुरते काढून टाकले नाही, तर पपेन थांबल्याचे श्रेय बाजरीस द्यावे की बाटलीस, हे कळणार कसे? म्हणून रोधकासह एक व रोधकाविना एक, असे दोन नमुने शेजारी शेजारी तपासतात. राखणदार ठेवणे जितके अगत्याचे, तितकेच त्याच्यावरही लक्ष ठेवणे अगत्याचे.