पट्टीबाहेरचा ‘एक्स’

माणसाचा लैंगिक कल मोजायचा कसा? अमेरिकेतले प्राणिशास्त्रज्ञ आल्फ्रेड किन्से यांनी १९४८ साली शून्य ते सहा अशी पट्टी मांडली. शून्य म्हणजे निव्वळ भिन्नलिंगी, सहा म्हणजे निव्वळ समलिंगी. बाकीचे मधे कुठेतरी. ज्यांच्यात लैंगिक प्रतिसादच आढळेना, त्यांना ‘एक्स’ हे अक्षर देऊन पट्टीबाहेर ठेवलं.

१९८०मध्ये मायकेल स्टॉर्म्स यांनी एका पट्टीच्या दोन केल्या: भिन्नलिंगी आकर्षण वेगळं, समलिंगी वेगळं. दोन्ही कमी, तर व्यक्ती अलैंगिक. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. पट्टीबाहेर राहिलेल्या माणसांना आकृतीत हक्काची जागा मिळाली. पुढे २००४मध्ये अँथनी बोगार्ट यांनी १८ हजारांहून अधिक ब्रिटिशांची उत्तरं तपासली. आपल्याला कुणाविषयीच कधी लैंगिक आकर्षण वाटलं नाही, असं त्यातल्या सुमारे १ टक्का लोकांनी सांगितलं होतं.

पण हे उत्तर फक्त आकर्षणाविषयीचं होतं. आकर्षण, वर्तन आणि माणूस स्वतःला काय म्हणवतो, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. त्यांची उत्तरं जुळतीलच असं नाही. उदाहरणार्थ, ब्रह्मचर्य हा वर्तनाविषयीचा निर्णय असतो; अलैंगिकता हा निर्णय नसतो. ‘लग्न झालं की होईल सगळं ठीक’ असं अलैंगिक मुलामुलींना सांगणं हा अन्याय आहे. अर्थात, त्यांच्यातले कितीतरी जण प्रेमात पडतात, संसारही करतात.