मधुमेहातील आम्लविकार आणि त्याच्या तपासण्या



व्याख्यानमालेत वैद्यकाचा विषय आला की काही श्रोत्यांना पथ्यपाण्याची माहिती हवी असते, तर काहींना एखाद्या नव्या औषधाची वार्ता हवी असते. आज आम्ही या दोहोंपैकी काहीच आणलेले नाही. आम्ही एकच प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत. मधुमेही मनुष्य, विशेषतः लहान मूल, आम्लविकारात सापडले आहे हे ओळखावे कसे? डॉक्टर लोक यास डायबेटिक कीटोॲसिडोसिस म्हणतात. प्रश्न डॉक्टरांचा वाटतो खरा. पण त्याचे निम्मे उत्तर घरात, शाळेत आणि गावच्या दवाखान्यात द्यावे लागते. तेथे ते वेळेवर मिळाले नाही, तर मोठ्या रुग्णालयातले उरलेले निम्मे उत्तर पुष्कळदा उशिराचे ठरते.

प्रथम हा विकार म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत धान्य साठवायला बळद असे. समजा, बळद ज्वारीने काठोकाठ भरले आहे, पण त्याचे तोंड उघडण्याचा उपाय राहिला नाही. घरातली माणसे उपाशी आहेत आणि भिंतीपलीकडे धान्य पडून आहे. मधुमेह्याच्या शरीराची स्थिती अशीच होते. रक्तात साखर भरपूर असते, पण ती पेशींत नेणारे इन्सुलिन स्वादुपिंडातून मिळत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते. या जळणातून कीटोन नावाची द्रव्ये निघतात. त्यांतील दोन आम्ले आहेत आणि तिसरे, ॲसिटोन, हे श्वासावाटे बाहेर पडते. आम्ले साचत गेली की रक्ताचा समतोल ढळतो. आणि साखरेबरोबर लघवीवाटे पाणी व क्षार वाहून गेल्याने मनुष्य आतून कोरडा पडतो.

आता जालन्याचा उन्हाळा ध्यानात घ्या. दहा वर्षांचे पोर तांब्यामागून तांब्या पाणी पिते आहे, हे पाहून वैशाखात कोणाला आश्चर्य वाटावे? आई म्हणते, ऊन लागले असेल. ते वाळत चालले तर आजी म्हणते, दृष्ट लागली. रात्री अंथरूण ओले झाले तर ते लाजेने लपवले जाते. पुढे उलट्या होतात, पोट दुखते, तेव्हा आंब्याचे अपचन आठवते. अखेर श्वास खोल आणि जोराने चालू लागतो, तेव्हा न्यूमोनियाची शंका येते. प्रत्येक पायरीवर एक साधे, पटण्यासारखे कारण हाताशी असते, आणि खरे कारण मागे राहते. हा विकार पुष्कळ मुलांत मधुमेहाची पहिली ओळख म्हणूनच येतो. त्याआधी घरात कोणी ‘शुगर’ हा शब्दही उच्चारलेला नसतो.

लघवीस मुंग्या लागतात ही खूण आपल्या प्राचीन वैद्यांना ठाऊक होती. परंतु साखरेच्या पलीकडे काही आहे, हे कळायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८५७ साली पेटर्स यांना मधुमेह्याच्या लघवीत ॲसिटोन सापडले. १८७४ साली जर्मन वैद्य कुसमाउल यांनी मरणोन्मुख मधुमेह्यांच्या खोल, धापेसारख्या श्वासाचे वर्णन केले. तो श्वास आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फुप्फुसे निरोगी असूनही रोगी हवेसाठी का तळमळतो? कारण रक्तातले आम्ल कमी करण्यासाठी शरीर कर्बवायू बाहेर टाकण्याची शिकस्त करीत असते. १९०८ साली रोथेरा यांची परीक्षा आली. लघवीत अमोनियम सल्फेट व नायट्रोप्रुसाइड मिसळून वर अमोनिया सोडला की जांभळे कडे उमटते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिन टोचले गेले. तोपर्यंत हे निदान म्हणजे बहुधा मृत्यूची आगाऊ सूचना असे. त्यानंतर निदानाला खरा अर्थ आला. कारण आता निदानापुढे उपाय होता.

निदानासाठी तीन साक्षी लागतात, आणि तिन्ही जुळाव्या लागतात.

पहिली साक्ष साखरेची. बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त पट्टीवर घेतले की अर्ध्या मिनिटाच्या आत आकडा येतो. १०० मिलिलिटर रक्तात २०० मिलिग्रॅम वा त्याहून अधिक साखर, किंवा मधुमेह असल्याचे आधीपासून ठाऊक असणे, ही २०२४ सालच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीतली अट आहे. पूर्वी हा आकडा २५० होता. यंत्रावर कधी आकड्याऐवजी ‘हाय’ अशी अक्षरे उमटतात. यंत्र बिघडले असे समजून लोक ते बाजूला ठेवतात. त्या अक्षरांचा अर्थ असा की, साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली आहे. तेव्हा ते यंत्र ठेवावे आणि गाडी बोलवावी.

दुसरी साक्ष कीटोनची. लघवीत बुडवायची पट्टी स्वस्त आहे. तिचा रंग जांभळा होत जातो आणि दोन अधिक चिन्हे किंवा त्याहून जास्त आले तर ते निदानास पुरेसे धरतात. पण या पट्टीची एक मर्यादा आहे. ती रोथेरांच्याच रसायनावर चालते, आणि ते रसायन ॲसिटोॲसिटिक आम्ल ओळखते. बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरिक आम्ल ओळखत नाही. आम्लविकारात दुसरे आम्लच पहिल्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही अधिक असते. म्हणजे पट्टी लहान चोराला पकडते आणि मोठा तिच्यासमोरून निघून जातो. शिवाय उपचाराने मोठ्याचे रूपांतर लहानात होऊ लागले की पट्टी अधिकच जांभळी होते, आणि रोगी सुधारत असता बिघडल्यासारखा भासतो. म्हणून रक्तातले बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट मोजणे अधिक चांगले. ते लिटरमागे ३ मिलिमोल वा अधिक असले तर साक्ष पक्की झाली. तेही बोटाच्या थेंबावर कळते. मात्र त्याच्या पट्ट्या साखरेच्या पट्ट्यांहून महाग पडतात.

तिसरी साक्ष आम्लाची. निरोगी रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.३ च्या खाली गेला, किंवा बायकार्बोनेट १८ मिलिमोलच्या खाली उतरले, की आम्लविकार ठरला. सामू ७ च्या खाली, किंवा बायकार्बोनेट १० च्या खाली, म्हणजे विकार गंभीर. आकडे लहान दिसतात म्हणून फसू नये. सामूचे माप असे आहे की, ७.४ वरून ७.१ वर येणे म्हणजे रक्तातली आम्लकणांची संख्या दुप्पट होणे. यासाठी मनगटातल्या धमनीतूनच रक्त काढावे लागते असा समज आहे. पण साध्या नीलेतले रक्तही या कामी चालते, आणि लहान मुलाची तेवढी वेदना वाचते.

तिन्ही साक्षी कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. कारण एकटी साक्ष खोटी पडू शकते. निर्जळी एकादशी केलेल्या माणसाच्या लघवीतही कीटोन दिसतील. तो काही आजारी नव्हे. मूत्रपिंडे निकामी झाली किंवा जबर हगवण लागली तरी रक्त आम्ल होते. तो मधुमेह नव्हे. साखर ३५० असलेले कितीतरी लोक बाजारातून हिंडत असतात. तेही या विकारात नसतात. याच्या उलट, साखर २०० च्या आत असूनही हा विकार होऊ शकतो, आणि हे अलीकडे विशेष ध्यानात ठेवले पाहिजे. मधुमेहावरील ग्लिफ्लोझिन वर्गाची औषधे साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकतात. त्यांतील डापाग्लिफ्लोझिनचे एकस्व २०२० साली आपल्या देशात संपले, ते स्वस्त झाले आणि गावोगाव पोचले. औषध चांगले आहे. हृदयाला व मूत्रपिंडाला त्याचा लाभ होतो. पण ते घेणारा मनुष्य कडक उपास करील, उलट्यांनी हैराण होईल किंवा शस्त्रक्रियेला जाईल, तर साखर जवळजवळ ठीक आणि रक्त मात्र आम्ल, अशी फसवी स्थिती येऊ शकते. तेथे कीटोन तपासल्यावाचून उमगत नाही.

निदान झाले म्हणजे तपासण्या संपल्या असे नाही. पोटॅशियमचेच पाहा. शरीरातले पोटॅशियम लघवीवाटे गेलेले असते, तरी रक्तात ते पुरेसे, कधी जास्तही दिसते. कारण ते पेशींतून बाहेर आलेले असते. अशा वेळी घाईने इन्सुलिन दिले तर ते पुन्हा पेशींत शिरते, रक्तातले एकदम घटते आणि हृदयाची गती बिघडते. म्हणून पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर आधी ते भरून काढतात आणि मगच इन्सुलिन सुरू करतात. हृदयाचा आलेख काढतात तो यासाठीही. दुसरे असे की, या विकारात जंतुसंसर्ग नसतानाही पांढऱ्या पेशी वाढतात आणि पोट कमालीचे दुखते. तेवढ्यावरून अपेंडिक्स समजून रोगी शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत जाण्याचा धोका असतो. एका थेंबाची तपासणी तो धोका टाळू शकते. आणि उपचारात साखर आधी उतरते, आम्ल मागाहून. साखर उतरली म्हणून इन्सुलिन थांबवले तर विकार उलटतो. म्हणून साखर २५० च्या आत आली की ग्लुकोज आणि इन्सुलिन दोन्ही सोबत चालवतात. सुसज्ज रुग्णालयात आज या विकाराने दगावणाऱ्या प्रौढांचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आले आहे.

सुसज्ज रुग्णालय या शब्दापाशीच आपल्या जिल्ह्याचा प्रश्न उभा राहतो. आपले तालुके आठ. जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगीच्या एखाद्या खेड्यातून रोगी निघाला, तर आधी तालुका, मग जालना, आणि तेथून कित्येकदा आणखी साठ किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरची ‘घाटी’, म्हणजे १९५६ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. हा सारा प्रवास निदान न होता घडला, तर प्रत्येक मुक्कामी नवे तास जातात. गावातच साखर व लघवी तपासून ‘मधुमेह, कीटोन सापडले’ एवढे दोन शब्द चिठ्ठीवर लिहिले गेले, तर पुढचे सारे दरवाजे लवकर उघडतात. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात धावते आहे. पण कुठे आणि कशासाठी धावायचे, हे त्या दोन शब्दांनी ठरते.

आपल्याकडे ‘डॉक्टर, एक सलाईन लावा’ असे म्हणण्याची रीत पडली आहे. या विकारात साधे सलाईन हा उपचाराचा आरंभच आहे, तेव्हा ते वाईट असे आम्ही म्हणणार नाही. पण तपासल्यावाचून लावलेली बाटली आंधळी असते. ती ग्लुकोजची असेल तर साखरेत भर घालते. आणि साधी असली तरी रोग्याला घटकाभर हुशारी आणून घरच्यांना निर्धास्त करते. म्हणून बाटलीआधी थेंब, एवढा आग्रह आपण धरावा. आणि ज्यांना आधीपासून इन्सुलिन चालू आहे, त्यांनी ‘आज जेवणच नाही, मग इन्सुलिन कशाला’ असे म्हणून ते कधी बंद करू नये. आजारात ते बंद पडणे, हेच या विकाराचे एक मोठे कारण आहे. मात्रा किती, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे.

हे सारे गावपातळीवर शक्य आहे काय? इटलीतील पार्मा परगण्यात १९९१ पासून एक साधा प्रयोग झाला. शाळांतून आणि डॉक्टरांच्या दवाखान्यांतून भित्तिपत्रके लावली: मूल फार पाणी पीत असेल, फार लघवी करीत असेल, आधी सुटलेली अंथरूण भिजवण्याची सवय पुन्हा लागली असेल, तर मधुमेहाची शंका घ्या. डॉक्टरांना साखर व लघवी मोजण्याची साधने दिली. पूर्वी तेथे नव्याने मधुमेह झालेल्या मुलांपैकी शेकडा ७८ आम्लविकार होऊनच रुग्णालयात येत. मोहिमेच्या काळात ते प्रमाण शेकडा १२.५ वर आले. औषध नवे नव्हते, यंत्रही नवे नव्हते. फक्त शिक्षकांना आणि आईबापांना काय पाहायचे ते कळले होते.

छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ संस्था मधुमेही मुलांसाठी काम करते. अशी मुले शाळेत जातात, खेळतात, मोठी होतात. पण तेथवर पोचायचे तर आधी मूल वाचले पाहिजे. आज या सभेत शिक्षक आहेत, अंगणवाडीच्या ताई आहेत, औषधविक्रेते आहेत, आणि माता तर पुष्कळच आहेत. आपणांपैकी प्रत्येकाने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या. तहान फार, लघवी फार आणि मूल वाळते आहे, तर त्याच दिवशी साखर तपासावी. साखर जास्त असून उलटी, पोटदुखी किंवा खोल श्वास असेल, तर कीटोन तपासावे. कीटोन सापडले, तर रात्र काढू नये, तत्क्षणी निघावे. या विकारातली रात्र फार लांब असते, आणि सकाळ होईलच याचा भरवसा नसतो.