समोरच्याचं नाव माहीत नसतं तेव्हा



आज पदवीदानासाठी या सभागृहात सगळे रांगेने आले, नेमून दिलेल्या खुर्चीवर बसले, नाव पुकारल्यावरच उठले. कुणी कुणाला ढकललं नाही. तासाभराने हीच मंडळी पार्किंगमधून गाड्या काढतील आणि पहिल्याच चौकात त्यांतल्या काहींचा अवतार पालटलेला असेल. पदवी तीच, संस्कार तेच. मग बदललं काय? सभागृहात शेजारचा ओळखीचा असतो. रस्त्यावर समोरच्याचं नाव माहीत नसतं, आणि तो पुन्हा भेटणार नसतो.

पुण्यातला कुठलाही मोठा चौक घ्या. लाल दिव्याचे आठ-दहा सेकंद उरलेत, पण मागून हॉर्न सुरू झालाय. पुढच्या दुचाकींची चाकं झेब्रा पट्ट्यांवर चढलेली. हेल्मेट आहे, पण कोपरात अडकवलेलं. वाहतूक पोलीस ‘मामा’ दिसला की डोक्यावर चढेल. एकजण उलट्या बाजूने येतोय, कारण त्याला ‘इथेच तर जायचंय’. आणि ज्यांच्यासाठी त्या पट्ट्या मारल्या, त्या आजी पिशवी सावरत, एक हात आडवा धरून, चाकांच्या फटीतून वाट काढताहेत. हिरवा दिवा त्यांचा, आणि विनवणीही त्यांनीच करायची.

पण त्याच रस्त्यावर जरा पुढे गेलं की दुसरंही दिसतं. एक अनोळखी दुचाकीस्वार वेग वाढवून शेजारी येतो, ‘काका, स्टँड!’ किंवा ‘ताई, ओढणी!’ असं ओरडतो आणि आभार ऐकायलाही न थांबता निघून जातो. मघाशी सिग्नल तोडणारा कदाचित तोच असतो. महाराष्ट्रात दुचाकी चालवणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी अशा हाकेने वाचवलेलं आहे. तेव्हा ‘आपल्या लोकांना दुसऱ्याचं काही पडलेलंच नाही’ हे निदान चुकीचं म्हणावं लागतं. संकट डोळ्यांसमोर दिसलं की इथला माणूस धावतो. जो अजून समोर आलेला नाही, त्याच्यासाठी थांबायचं म्हटलं की मात्र तो नियम त्याला सरकारचा वाटतो, पावती फाडणाऱ्याचा वाटतो.

त्यात रस्त्यालाही उतरंड आहे. 1 मे 2017 पासून मंत्री-अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले; काचेमागच्या ‘पोलीस’, ‘प्रेस’, ‘महाराष्ट्र शासन’ या पाट्या काही गेल्या नाहीत. नंबर प्लेटवर 8055 वळवून ‘बॉस’ आणि 4141 वळवून ‘दादा’ होतो. तळाला पायी चालणारा. त्याच्याकडे लावायला पाटीच नाही.

हे सगळं रक्तातच असतं का? न्यूयॉर्कमध्ये त्याची जवळजवळ परीक्षाच झाली. संयुक्त राष्ट्रांत नेमलेल्या परदेशी अधिकाऱ्यांकडून पार्किंगचा दंड सक्तीने वसूल करता येत नसे. रेमंड फिस्मन आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांनी 1997 ते 2002 या काळातल्या पावत्या तपासल्या. न भरलेल्या पावत्या दीड लाखांवर निघाल्या. कुवेतच्या अधिकाऱ्यांची सरासरी माणशी वर्षाला 200 हून अधिक. नॉर्वे आणि स्वीडनच्या नावावर एकही नाही. म्हणजे माणूस आपल्या देशाची सवय बरोबर घेऊन हिंडतो. गंमत पुढे आहे. 2002 मध्ये दंड न भरणाऱ्यांच्या नंबर प्लेटा काढून घेण्याचा अधिकार शहराला मिळाला आणि असे गुन्हे सुमारे 98 टक्क्यांनी घटले. गाड्यांवरचे देश तेच होते. ‘आपले लोक सुधारणारच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा.

धाकाशिवायही जमतं. कोलंबियात बोगोटाचे महापौर झालेले अँतानास मोकुस मूळचे गणित आणि तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, एका विद्यापीठाचे माजी कुलगुरूही. त्यांनी 1990 च्या दशकात चौकाचौकांत मूकाभिनय करणारे नट उभे केले. पट्ट्यांवर गाडी घालणाऱ्याची हे नट न बोलता टिंगल करीत. दंड परवडतो, चारचौघांतली फजिती परवडत नाही!

पण शिस्तीचा धडा घ्यायला एवढं लांब कशाला जायचं? आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीत रथापुढे 27 दिंड्या असतात, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीला तिचा क्रमांक. संध्याकाळी मुक्कामी समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतात आणि हजारोंचा मेळा गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, निवाडा होतो, मग आरती. गाऱ्हाणं ऐकलं जातं ही खात्री असते, म्हणून शांतता टिकते. आपल्या चौकात ही खात्री कुणाला आहे?

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 50 हजारांवर हेल्मेट न घातलेली. आणि 2019 च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली, तेव्हा पगड्या घालून विरोध करणारे निघाले होते. पगडीचा अभिमान समजण्यासारखा आहे. तिने कवटी वाचत नाही.

स्नातकहो, तुमच्यातले काही उद्या रस्त्यांचे नकाशे काढतील. दुभाजकातली फट दोन किलोमीटरवर ठेवाल, तर उलट्या बाजूने येणारा तुम्हीच तयार केलेला असेल. पादचाऱ्यांच्या सिग्नलचा वेळ काढताना माणूस सेकंदाला साधारण 1.2 मीटर चालतो असं धरतात. गुडघे दुखणारी आजी त्या हिशेबात बसत नाही. असा नकाशा तुमच्या टेबलावर आला, तर सही करण्याआधी तो रस्ता एकदा पायी ओलांडून पाहा. सकाळी दहाच्या गर्दीत, आणि बरोबर घरातलं कुणी वयस्कर माणूस घेऊन.