बाळाच्या हातातले पुस्तक : दान की हक्क?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



विषमतेचा हिशेब मांडताना जमीन, मजुरी आणि पगार यांचे आकडे पुढे येतात. शब्दांची विषमता त्यात क्वचितच धरली जाते. एका घरात मूल बसू लागण्याआधीच चित्रांची पुस्तके त्याच्या हाती येतात. दुसऱ्या घरात छापील कागद येतो तो किराणामालाच्या पुडीचा. सहाव्या वर्षी ही दोन्ही मुले एकाच बाकावर बसतात, शाळा त्यांना एकाच मापाने मोजते आणि मागे पडणाऱ्याला 'मंद' ठरवून मोकळी होते.

या अन्यायावर सार्वजनिक ग्रंथालयांच्या मार्फत उपाय शोधण्याचा एक प्रयत्न 1992 साली ब्रिटनमधील बर्मिंगहॅम या कामगारवस्तीच्या शहरात झाला. 'बुकस्टार्ट' हे त्याचे नाव. आरोग्य तपासणीच्या निमित्ताने 300 बाळांच्या पालकांना एक पिशवी देण्यात आली. तिच्यात चित्रांचे पुस्तक, बालगीतांचा कागद आणि ग्रंथालयाचे सभासद होण्याचे निमंत्रण होते. बर्मिंगहॅम विद्यापीठातील बॅरी वेड आणि मॅगी मूर यांनी या प्रयोगाचा पाठपुरावा केला. त्यांना असे आढळले की, या घरांत मुलांसह पुस्तक पाहण्याची सवय वाढली आणि शाळाप्रवेशाच्या वेळी ही मुले भाषेत व अंकज्ञानातही पुढे होती. पाहणी लहान होती. तिच्यावर फार मोठा डोलारा उभारणे योग्य नव्हे. परंतु दिशा स्पष्ट होती.

खरा बोध आहे तो पुढच्या इतिहासात. 1999 पासून सेन्सबरी या किराणा व्यापारातील कंपनीच्या देणगीवर ही योजना दोन वर्षे देशभर पसरली. देणगीची मुदत संपली, बाळांचे जन्म थांबले नव्हते. 2004 मध्ये सरकारने प्रत्येक बाळापर्यंत पुस्तके पोहोचवण्याची जबाबदारी मान्य केली. डिसेंबर 2010 मध्ये काटकसरीच्या नावाखाली नव्या सरकारने इंग्लंडमधील अनुदान पूर्णतः बंद करण्याचे जाहीर केले. लेखक आणि पालक यांनी एवढा गदारोळ केला, की काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली; तरीही पुढे रक्कम बरीच कमी झाली. त्याच दशकात ब्रिटनमधील शेकडो ग्रंथालयांना टाळे लागले. बाळाच्या हाती पुस्तक द्यायचे आणि ज्या ग्रंथालयाचे निमंत्रण द्यायचे तेच बंद करायचे, असा हा व्यवहार होता.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल नाही. असा खर्च आज होतो, त्याचे फळ वीस वर्षांनी आणि तेही साऱ्या समाजाला मिळते. इतका काळ थांबणारा व्यापारी नसतो. म्हणूनच हे काम बाजारावर किंवा दातृत्वावर सोपवता येत नाही. पिशवी केवळ गरिबांना न देता प्रत्येक बाळाला देण्यामागेही विचार होता. जी सेवा केवळ गरिबांसाठी असते तिच्यावर कपात येते तेव्हा तिची बाजू घेणारा आवाजही दुबळा असतो.

आपल्याकडे या कामाचा पाया नाही असे नव्हे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांच्या अंगणातच शिक्षण नेले. 1967 साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. 1975 पासून अंगणवाड्यांची योजना सुरू झाली. परंतु अंगणवाडी महिला व बालविकास विभागाकडे आणि ग्रंथालय उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे! बर्मिंगहॅममध्ये आरोग्यसेविका आणि ग्रंथपाल एकत्र आले, हेच तेथील यशाचे मर्म होते.

येथे एक सावधगिरी हवी. कष्टकऱ्यांच्या घरात भाषा नाही, हा सुशिक्षितांचा गैरसमज आहे. ओवी, अंगाई, उखाणे, कहाण्या यांची संपत्ती तेथे भरपूर आहे. निरक्षर आईदेखील चित्र दाखवून गोष्ट सांगू शकते. तिच्यापाशी उणीव असते ती वेळेची. दिवसभर राबून अंधारात घरी परतणाऱ्या स्त्रीला केवळ पुस्तक देऊन भागणार नाही. रास्त मजुरी, कामाचे मर्यादित तास आणि पाळणाघर या मागण्या त्याच लढ्याचा भाग आहेत.

तोवर कार्यकर्त्यांनी हाती घेण्याजोगे काम लहान आहे. गावातील ग्रंथालयाच्या कार्यकारिणीसमोर ठराव मांडावा : आठवड्यातून एक दिवस चटई अंथरून आई, आजी आणि बाळे यांना बोलवावे; चित्रपुस्तकांची पेटी अंगणवाडीत फिरती ठेवावी. पुस्तके चघळली जातील, फाटतील. फाटक्या पुस्तकाचा दंड मात्र मातेकडून वसूल करू नये. तो ग्रंथालयाच्या खर्चात धरावा.